योजनेत न बसलेला पाय

सरकारी दवाखाना चांगला की खासगी, या विषयावर मी आयुष्यात चार भाषणं केली आहेत. दोन सरकारीच्या बाजूनं आणि दोन खासगीच्या. चारही गाजली. विणकर कामगारांच्या सभेत मी म्हणालो की खासगी दवाखान्यात नाडीच्या आधी खिसा चाचपतात, तर डोक्यावरचा पत्रा हलेल अशा टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात व्यापाऱ्यांच्या क्लबात, जेवणाच्या आधी, मी म्हणालो की सरकारी दवाखान्यात माणूस बरा व्हायला जात नाही, घाणीची सवय करून घ्यायला जातो. तिथल्या टाळ्या जरा सभ्य होत्या, पण कडक भाकरीवर शेंगाचटणी वाढणाऱ्यानंसुद्धा माझं वाक्य मला म्हणून दाखवलं. मी दोनदा चटणी घेतली.

मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. वादविवाद स्पर्धेची मुलं तयार करणं हे माझं खास काम. पोरांना सांगायचो, बाजू कुठलीही येऊ द्या, घाबरायचं नाही. चिठ्ठी निघेल तसं बोलायचं. हे तत्त्व मी स्वतः इतकं मनापासून पाळलं की माझी बाजू कुठली, हे स्वतःला विचारायची पाळी निवृत्त होईपर्यंत आलीच नाही. दवाखान्याशी माझा संबंध मूळव्याधीपुरता, आणि तो काही मी व्यासपीठावरून सांगत नसे.

आता ती भाषणं आठवली की तोंडाला घाण चव येते. का येते ते सांगतो. यातल्या दोन्ही दवाखान्यांची नावं मी गाळतोय. नाव घेतलं की वाचणारा म्हणतो, हां, तो तसलाच आहे, आमचा तसा नाही. ती पळवाट मला कुणाला द्यायची नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, वळसंगला असते. सत्तरी ओलांडली आहे. तिला साखरेचा आजार आहे हे तिला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, फक्त पटलेलं नाही. शेताकडं जाताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. दुखला नाही. या आजारात पाय आतून बधिर होत जातो, त्यामुळं काटा मोडल्याचं तिला कळलं ते दोन दिवसांनी, चप्पल ओलसर लागली तेव्हा. तिनं जखमेत हळद आणि चुना भरला, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. पायाची दोन बोटं काळी दिसायला लागली तेव्हा मात्र एस्टीत बसून सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली. पायावर कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आणि घोट्याशी सुतळी.

सुतळी सोडली आणि वास घरभर झाला. कपाटामागं घूस मरून पडते आणि चार दिवसांनी सापडते, तसला वास. मी रुमाल काढून नाकाला लावला आणि शिंकल्यासारखं केलं.

"सर्दी झालीया व्हय रं मास्तर?" अक्कानं विचारलं.

"जराशी."

"मग झाकून घे बाबा. माजा पाय आजारी पडंल."

ती मला लहानपणापासून ओळखते. तिच्यापुढं नाटक करण्यात अर्थ नव्हता, पण रुमाल मी काढला नाही. आमच्या सौभाग्यवतीनं गरम पाणी आणलं, तिनं नाकाला काही लावलं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

अक्काचं मत ठाम होतं. तिला सरकारी दवाखान्यात जायचं होतं. तिच्या जावेचा असाच सडलेला पाय तिथल्या एका सिस्टरनं वाचवला होता. "जाड हाय ती बाई, तोंडानं फटकळ," अक्का म्हणाली. "दीड म्हैना लागला, पर पाय ठिवला तिनं. मला तितं घाल."

मी म्हणालो, अक्का, तुला आपण चांगल्या ठिकाणी नेऊ.

चांगलं ठिकाण म्हणजे काय, ते आता उघड करतो. माझी मुलगी सोलापुरातच दिली आहे. व्याही पाटबंधारे खात्यातून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले. आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की तो घरच्यांचा राहत नाही, भेटायला येणाऱ्यांचा होतो. जोडीजोडीनं लोक येतात, हातात सफरचंदं, शहाळं. स्टुलावर बसतात, आजार पहिल्यापासून ऐकतात, आपल्या ओळखीत याच आजारानं कोण गेलं ते सांगतात आणि परत जाताना रिक्षात पेशंटविषयी नव्हे, दवाखान्याविषयी बोलतात. मी स्वतः असा कित्येकदा बोललोय. एकदा एका सहकाऱ्याला भेटायला सरकारी वॉर्डात गेलो होतो, तिथून आल्यावर व्याह्यांच्याच दिवाणखान्यात बसून त्या जागेचं असं काही वर्णन केलं होतं की विहीणबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. आता त्याच विहीणबाईंना त्याच लोखंडी खाटेच्या कडेला बसवायचं? अक्काच्या पायाचा विचार मी केला नाही असं नाही. केला. पण रांगेत तो व्याह्यांच्या मागं उभा होता.

तर आम्ही खासगीत गेलो. काचेचं दार आपोआप उघडणारं, आत गारवा, कुंड्यांमध्ये खरी वाटणारी खोटी झाडं. अक्कानं दाराबाहेर चपला काढल्या. देवळात काढतात तशा. मी म्हणालो, अगं घाल, इथं चालतं. ती म्हणाली, एवडी गुळगुळीत फरशी, कशाला घान करायची. आणि ती अनवाणीच आत चालत गेली. पट्टी ओली होती. पांढऱ्या फरशीवर तिच्या एका पायाचे पिवळट ठसे उमटत गेले आणि मागून एक माणूस पुसण्याचा दांडा घेऊन ते ठसे एकेक करून पुसत आला. मला लाज वाटली. कुणाची, तर अक्काची. तेव्हा वाटली ती तिचीच.

तिथं केशरी रेशनकार्डावर सरकारची योजना चालत होती. म्हणजे दवाखाना खासगी आणि उपचार सरकारी खर्चानं. माझी चारही भाषणं एकाच पलंगावर आडवी झाली होती म्हणा ना. मला मात्र त्यात काही विनोदी वाटलं नाही. उलट आपण फार हुशारीनं दोन्हीकडचं चांगलं तेवढं उचललं, अशा तोऱ्यात मी होतो. कागद भरणारी मुलगी मला दर वाक्याला सर म्हणत होती. निवृत्त मास्तराला दिवसातून वीसदा सर म्हटलं तर तो कुठल्याही कागदावर सही करतो, हे त्या दवाखान्यात कुणाला तरी आधीच कळलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी व्याही आणि विहीणबाई आले. मी त्यांना दवाखाना दाखवला. अक्षरशः दाखवला, नवं घर बांधलेला माणूस दाखवतो तसा. हे बघा लिफ्ट, हे बघा कॉफीचं यंत्र, बटण दाबलं की येते. व्याही म्हणाले, वा, मास्तर, सोय चांगली केलीत. विहीणबाई म्हणाल्या, खोलीत मोगऱ्याचा वास किती छान येतोय.

येत होता खरा. दर दोन तासांनी एक माणूस येऊन हवेत मोगरा फवारून जायचा. दाराशी एकदा, खिडकीशी एकदा आणि अक्काच्या पायाच्या बाजूला दोनदा. त्या मोगऱ्याच्या खालून पायाचा वास यायचाच. दोन्ही मिसळून जे काही तयार व्हायचं, ते मी आजतागायत विसरलेलो नाही. लग्नाच्या हॉलात कुणी गजरा माळून जवळून गेलं तरी मला ढवळून येतं. बाहेरून गजरा, आत घूस. पण त्या दिवशी मी विहीणबाईंना हसून म्हणालो, हो ना, इथं स्वच्छतेकडं फार लक्ष.

डॉक्टर रोज यायचे. उंच, सुगंधी, घाईत. फाईल बघायचे, पाय बघायचे नाहीत. अक्का पाय पुढं करायची, ते म्हणायचे, आजी, आराम करा. पट्टी पहिल्या दिवशी बदलली. नंतर वरच्या वर नवी पट्टी गुंडाळली जायची, आतली तशीच. हे मला कळायला हवं होतं, कारण मी तिथंच होतो. पण मी तिथंच म्हणजे खाली, कॉफीच्या यंत्रापाशी होतो. खोलीत बसवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सर म्हणणाऱ्या मुलीनं मला एका छोट्या केबिनमध्ये बसवलं. समोर पाण्याचा ग्लास ठेवला, कागद ठेवला, पेन उघडून माझ्या हातात दिलं. ती म्हणाली की संसर्ग वर चढतोय, गुडघ्याच्या खालून पाय काढावा लागेल, उद्या सकाळची वेळ मिळाली आहे, आजींचं नशीब चांगलं.

मी विचारलं, साफ करून, रोज पट्टी करून बघता येणार नाही का? माझ्या तोंडून हा प्रश्न कसा निघाला कोण जाणे. अक्काच्या जावेची आठवण झाली असेल.

"सर, पाय काढणं योजनेत बसतं," ती मुलगी समजुतीनं म्हणाली. "महिनाभर ड्रेसिंग करत बसणं नाही बसत."

तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. एस्टीच्या खिडकीवरचा माणूस अमुक गाडी तमुक फाट्याला थांबत नाही म्हणून सांगतो, तितकंच. आणि सांगायला शरम वाटते, मी मान हलवली. हायस्कुलात तीस वर्षं समास आणि अलंकार शिकवलेला माणूस, त्या वाक्यात काय आहे ते मला ऐकू आलं नाही. वाचवायचा पाय योजनेत बसत नाही आणि कापायचा बसतो. मी पेन टेकवलं. पण वर अक्काला सांगून यावं असं वाटलं, ते एक बरं झालं. धैर्य वगैरे नव्हतं. मोठ्या बहिणीला न विचारता काही करायची सवय नाही, एवढंच.

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाय माजा हाय की. मग सई तुजी कशी चालंल?"

मी म्हणालो, ते कायद्याप्रमाणं नातेवाइकाची लागते.

"मग नातेवाइकाचा पाय काडा म्हनावं. तुजा लई चालतोय बी न्हाय." आणि ती उठून बसली. तिनं पट्टीच्या पायाखालची उशी काढली आणि खाली उतरायला लागली. मोगरा फवारणारा माणूस तेवढ्यात आला. तो बिचारा दारातच थांबला.

निघताना आणखी एक कागद आला. घरी नेताय ना सर, मग इथं सही. मी केली. वाचला नाही. इंग्रजीत होता आणि मुलगी घाईत होती, हे मी स्वतःला नंतर बरेच दिवस सांगितलं. परीक्षेत प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, असं तीस वर्षं बजावणारा हाच तो मास्तर.

बाहेर रिक्षा होती. रिक्षावाला आमच्या पेठेतलाच, चाळिशीचा मुसलमान गृहस्थ, मला मास्टर साब म्हणतो. सरकारी दवाखान्यात चल म्हटल्यावर त्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं. म्हणाला, "मास्टर साब, एक बात बोलूं? इदर पेशंट छोडे तो अपने कू बी कुछ मिलता. उदर कुछ नै मिलता. पन पाँव रखना है तो उदरीच."

मी विचारलं, मग पाच दिवसांपूर्वी इकडं आणताना बोलला का नाहीस?

"आप बोलने कू देते कहाँ?" तो म्हणाला. "पूरे रस्ते आपीच बोल रए थे."

अक्का मागं बसून हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

सरकारी दवाखान्याविषयी आता गोड काही वाचायला मिळेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर माफ करा. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या बसवल्या होत्या. लोकांनी देव तेवढा सोडून दोन्ही बाजूंनी लाल केलं होतं. श्रद्धा शाबूत, भिंत गेली. ट्रॉलीचं एक चाक फिरत नव्हतं आणि ती ढकलायला माणूस नव्हता. नातेवाईक म्हणजे इथला निम्मा नोकरवर्ग, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. संडासाचं दार लागत नव्हतं. एक मांजरी वॉर्डातून अशी फिरत होती की जणू तिचीच राऊंड चालू आहे. तिनं एका खाटेखालून वापरलेला कापूस ओढला तेव्हा मी बाहेर जाऊन ओकलो. क्लबातलं माझं वाक्य तिथं शब्दशः खरं होतं, आणि ते खरं आहे याचा आनंद व्हावा इतका मी अजून नालायक झालो नव्हतो.

तपासायला बसलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांत झोप होती. दोन दिवस घरी गेला नसावा. त्यानं मी खासगीतून आणलेला कागद वाचला आणि मोठ्यानं मराठीत सांगितला. नातेवाईक आमचा सल्ला धुडकावून पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत. धोका समजावून सांगितला आहे. पायाच्या आणि जिवाच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. खाली माझी सही, प्रगतिपुस्तकावर करायचो तशीच, शेपटीसह.

"हे वाचलं होतंत?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मी मराठीचा शिक्षक आहे. यापेक्षा मूर्ख उत्तर मला आयुष्यात सुचलेलं नाही.

मग ती सिस्टर आली. जाड, फटकळ, अक्कानं सांगितली तशीच. नाकाला काही न लावता तिनं पट्ट्यांचा तो सगळा गठ्ठा कात्रीनं कापला. शेवटचा थर निघताना मी भिंतीकडं बघितलं. ती वाकली, नाक जखमेजवळ नेलं आणि वास घेतला. चुकून आला असा नाही, घेतला. आमची आई पातेल्यातली आमटी विटली का बघायला घ्यायची, तसा.

"पट्टी आतून कधी सोडली होती?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, रोज सोडत असावेत.

"असावेत म्हणजे? तुम्ही तिथंच होता ना?"

मी होतो म्हणालो. मग मला काय अवदसा आठवली, मी ऐटीत सांगितलं की आरोग्य खात्यात माझा एक विद्यार्थी मोठ्या पदावर आहे, गरज लागली तर मी फोन करू शकतो.

"करा की," ती म्हणाली. "या म्हणावं लवकर. पेशंटला भांडं द्यायला माणूस कमी आहे."

साफसफाई झाली. दोन बोटं काढली. तळव्याचा एक तुकडा काढला. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय राहील असं दिसतंय, मात्र खात्री नाही. साखर ताब्यात राहिली, पट्टी रोज झाली आणि संसर्ग वर चढला नाही तर राहील. मी त्याला योजनेविषयी विचारलं. तो म्हणाला, साफ करणंही बसतं योजनेत, कुणी सांगितलं बसत नाही म्हणून? फक्त त्यात पलंग महिनाभर अडतो. मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. पाच दिवस आधी आणली असती तर?

"बोटं कदाचित राहिली असती."

मी म्हणालो, कदाचित?

"कदाचित," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं गेला.

तो शब्द मी भाषणात शेकडो वेळा वापरला असेल. फार सभ्य शब्द. दोन्ही बाजूंना बरं वाटतं.

त्या वॉर्डात आम्ही बरेच दिवस काढले. शेजारच्या खाटेवरची बाई अक्कलकोटकडची, कन्नडच बोलायची. अक्का तिच्याशी कन्नडात तासन्‌तास माझी निंदा करायची, एवढं मला मधूनमधून 'मास्तर' शब्द ऐकू येऊन कळायचं. एकदा गॉझ संपलं, ते बाहेरून आणावं लागलं. एकदा कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्या सकाळी खाटांवर कोऱ्या पांढऱ्या चादरी पडल्या, जमिनीवर झोपलेले पेशंट मागच्या व्हरांड्यात हलवले, मांजरीला कुणीतरी पोत्यात घालून नेलं. साहेब आले, दारातूनच छान छान म्हणाले आणि गेले. दुपारी माणसं येऊन चादरी काढायला लागली. अक्काच्या खालची चादर पायाच्या बाजूला पुवानं भिजली होती. काढणाऱ्यानं तो भाग आत घेतला, चादरीची नीट चौकोनी घडी घातली आणि ढिगावर ठेवली, पुढच्या साहेबांसाठी. तिकडं मोगरा, इकडं घडी. सिस्टर हे बघत होती. तिनं त्याच्या हातातनं ती चादर हिसकावली आणि कचऱ्यात टाकली, आणि मग त्याबद्दल तिला लेखी खुलासा द्यावा लागला. तो तिनं माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिलेलं एवढं एकच काहीतरी त्या काळात कुणाच्या उपयोगी पडलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं मला हातमोजे दिले. म्हणाली, घरी गेल्यावर रोज मी येणार नाही, शिकून घ्या. मी म्हणालो, अक्काची सून शिकेल. ती म्हणाली, सून इथं दिसत नाही, तुम्ही दिसताय.

मी शिकलो. आधी सलाईनचं पाणी, मग जुनं गॉझ ओलं करून हळूहळू सोडवायचं, ओढायचं नाही. मग वाकून वास घ्यायचा. सिस्टर म्हणायची, डोळ्यांना उशिरा कळतं, नाकाला आधी. पहिल्या दिवशी मी वाकलो आणि तसाच मोरीकडं पळालो. परत आलो तर अक्का पाय तसाच पुढं करून बसलेली.

"तुजं ढुंगन म्या चार वर्सं धुतलं," ती वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तवा म्या पळाले न्हाय कुटं."

कन्नड बोलणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं, तरी ती हसली. मी परत वाकलो.

दीड महिन्यानं अक्काला माझ्या घरी आणलं. जखम भरत आली होती, तरी रोजची पट्टी चालूच होती. एके दिवशी सकाळी व्याही आणि विहीणबाई भेटायला आले. सरकारी वॉर्डात ते आले नव्हते. फोन करायचे, तब्येतीची चौकशी करायचे आणि गर्दी असेल ना तिथं, असं म्हणायचे. आता मात्र सफरचंदं घेऊन आले. चहा झाला. व्याह्यांनी पाय लांब केले आणि विचारलं, "मग काय मास्तर, तुम्ही दोन्हीकडं राहून आलात. शेवटी चांगलं कुठलं, सरकारी का खासगी?"

खोलीत अक्का होती, सौभाग्यवती होती. माझ्या डोळ्यांसमोर पुवाची घडी होती आणि मोगरा होता आणि सर म्हणणारी ती मुलगी होती. सांगण्यासारखं एवढं होतं. आणि मी घसा साफ करून म्हणालो, "तसं बघायला गेलं तर दोन्हीकडं आपापले गुणदोष असतात. समतोल विचार करायला हवा."

व्याह्यांनी समाधानानं मान डोलावली. मला माझाच आवाज ऐकू आला आणि शिसारी आली. त्या जिन्यातल्या भिंतीची आली नव्हती इतकी.

"गुनदोष न्हाय," अक्का खाटेवरून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माजी दोन बोटं गेली ती तुमच्या सोईसाटी गेली, पाव्हनं. तुमाला बसायला गार खोली पायजे हुती म्हनून ह्यानं मला तितं पाच दिस ठिवली. त्ये बी सांग की त्यांस्नी, मास्तर."

विहीणबाई सफरचंदांच्या पिशवीकडं बघत राहिल्या. व्याही माझ्याकडं बघत होते, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. आयुष्यभर सावरूनच तर घेत आलो. मी म्हणालो, "खरं आहे ती म्हणतेय ते." एवढं पाच शब्दांचं माझं पाचवं भाषण. टाळ्या नाहीत.

मग अक्कानं पाय पुढं केला, कारण पट्टीची वेळ झाली होती आणि पाहुणे आले म्हणून पाय थांबत नाही. मी हात धुऊन आलो, मोजे घातले, जुनं गॉझ भिजवलं. व्याही गॅलरीत जाऊन उभे राहिले. विहीणबाई बसून राहिल्या, हे मला अनपेक्षित होतं. गॉझ सुटलं. खाली तळव्याला गुलाबी मांस आलं होतं, जिथं बोटं होती तिथं नुसती गुळगुळीत कड. मी वाकलो आणि वास घेतला. एकदा घेतला, खात्री वाटेना म्हणून परत घेतला.

"कसा हाय?" अक्कानं विचारलं.

मी म्हणालो, काहीच येत नाही.

"तीनदा बग," ती म्हणाली. "तुज्या एकदोनदावर माजा इस्वास न्हाय."

मी तिसऱ्यांदा वाकलो.